प्रिंटरला कोणती भाषा कळते?

शाळेसाठी प्रिंटर घेताना आपण किंमत विचारतो, शाई केवढ्याला पडते तेही विचारतो. संगणकावर लिनक्स असेल तर त्याआधी विचारायला हवे : या प्रिंटरला कोणती भाषा कळते? या प्रश्नामागे चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर मिळाला. यंत्र वेगवान, पण त्यात कागद अडके. जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले, त्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नव्या प्रिंटरची मूळ आज्ञावली मात्र मिळालीच नव्हती. दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती होती, पण कुणाला देणार नाही असे त्याने लिहून दिलेले! १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. त्यामागे हाही अनुभव होता, असे ते सांगतात. लिनस टॉरवाल्ड्स यांचा लिनक्स १९९१ चा; तो याच प्रकल्पाच्या साधनांवर वाढला.

दरम्यान १९८४ मध्ये अडोबी कंपनीने 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा आणली. संगणकाने फक्त पानाचे वर्णन पाठवायचे : येथे रेघ, येथे एवढ्या आकाराचे अक्षर. त्याचे ठिपके प्रिंटरच करणार. त्यासाठी १९८५ च्या ॲपल लेसररायटरमध्ये १२ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर होता, तर त्याला जोडायच्या मॅकिंटॉशमध्ये ८ चा! किंमत ६,९९५ डॉलर. सुदैवाने या भाषेचे व्याकरण पुस्तकरूपाने खुले होते. त्यामुळे १९८८ मध्ये पीटर डॉइच यांना 'घोस्टस्क्रिप्ट' लिहिता आले. ठिपके करण्याचे काम आता संगणकच करू लागला आणि साध्या प्रिंटरवरही तेच पान उमटू लागले.

अट एकच : ते ठिपके प्रिंटरला कसे सांगायचे, हे माहीत हवे. १९९० च्या दशकातील अनेक स्वस्त प्रिंटरांनी नेमके तेच गुपित ठेवले. त्यांचा ड्रायव्हर फक्त विंडोजसाठी मिळे. लिनक्सच्या स्वयंसेवकांनी प्रिंटरांची एक यादी केली आणि त्यांना श्रेणी दिल्या. सर्वांत खालच्या श्रेणीचे नाव होते 'पेपरवेट'. पैसे मोजून असे पेपरवेट घरी आणणाऱ्याला हसू आले नसेल.

१९९९ मध्ये मायकेल स्वीट यांची 'कप्स' ही छपाई-व्यवस्था आली आणि लिनक्सवर रुळली. २००७ मध्ये ॲपलने ती विकत घेतली, तरी ती मुक्तच राहिली. पण खरा बदल घडवला तो मोबाइलने, असे मला वाटते. फोनवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर कोण बसवणार? २०१० मध्ये ॲपलचे 'एअरप्रिंट' आले, पुढे 'आयपीपी एव्हरीव्हेअर' हे खुले मानक आले. असा प्रिंटर आपली ओळख, कागदाचा आकार, रंग हे सारे स्वतःच सांगतो आणि ठरलेल्या सामाईक स्वरूपात पान घेतो. लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

म्हणून खोक्यावर यांपैकी एखादे नाव किंवा पोस्टस्क्रिप्ट आहे का, ते पाहावे. फक्त यूएसबी असलेल्या अगदी स्वस्त प्रिंटरबाबत मात्र दुकानदाराचा शब्द पुरेसा मानू नये. लिनक्सचा संगणक सोबत नेऊन तेथेच एक पान काढून पाहावे.