काडतुसांची आवई

गोष्ट षट्कर्णी झाली कीं ती फुटली, असें आपण म्हणतों. पण सहा कानांची गोष्ट लक्षावधि कानांपर्यंत कोणत्या वाटेनें जाते, याचा विचार आपण क्वचितच करतों. अफवा म्हणजे अज्ञ जनांचा भोळेपणा, एवढें बोलून आपण मोकळे होतों. १८५७ सालची काडतुसांची आवई मात्र या समजुतींत बसत नाहीं.

त्या वर्षाच्या जानेवारींत कलकत्त्याजवळील डमडम येथें एका खलाशानें एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठीं लोटा मागितला व शिपायानें जातीचें कारण सांगून तो नाकारला. तेव्हां, नव्या काडतुसांना गाईडुकरांची चरबी लागली आहे, तीं दातांनीं तोडावीं लागलीं म्हणजे ही जात कोठें राहणार, असें त्यानें सुनावलें, अशी हकीकत आहे. कॅप्टन राइट यानें २२ जानेवारीस शिपायांची धास्ती वरिष्ठांस कळविली. पुढें २६ फेब्रुवारीस बहरामपूर येथें १९ व्या पलटणीनें बंदुकीच्या केपा घेण्याचें नाकारलें; २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे उठला; २४ एप्रिलला मेरठेंत ८५ स्वारांनीं काडतुसांस हात लावला नाहीं आणि १० मे रोजीं तेथेंच वणवा पेटला.

हा वेग आला कोठून? डमडम हें साधें ठाणें नव्हतें. एन्फील्ड बंदूक शिकविण्यासाठीं डमडम, अंबाला व सियालकोट येथें शाळा काढल्या होत्या, व निरनिराळ्या पलटणींतून थोडथोडे शिपाई तेथें धाडले जात. एरवीं एका छावणींतली कुजबूज त्याच छावणींत फिरून विरली असती. पण येथें अनेक छावण्यांचीं माणसें एका मैदानावर आलीं, आणि त्यांचे निरोप आपापल्या पलटणींत पोंचले. बंगाली फौजेंत अयोध्या व बिहारकडील उच्चवर्णीयांचा भरणा असल्यानें एका पलटणींतला शिपाई दुसरींतल्याचा भाऊबंद वा गांवकरी निघे. बहरामपूरला तर बराकपुराहून ३४ व्या पलटणीची तुकडी नुकतीच येऊन गेली होती. माणसांचे बहुतेक संबंध शेजारपाजारींच असले, तरी त्यांत दूरचे थोडे धागे मिसळतांच सारें जाळें आखूड होतें, हें १९९८ सालीं वॉट्स व स्ट्रोगॅट्झ या अभ्यासकांनीं गणितानें दाखविलें. 'लहान जग' हें त्याचें नांव. डमडमची शाळा हा असाच दूरचा धागा होता.

सरकारनें खुलासे केले. शिपायांनीं हवें तें तेलमेण स्वतः आणून लावावें, अशी मुभा दिली. तेव्हां संशय चरबीवरून कागदावर गेला. कागद चकाकतो, त्या अर्थीं त्यांतच चरबी असली पाहिजे! बहरामपूरचीं काडतुसें तर जुन्याच तऱ्हेचीं होतीं. कानपुरांत पीठ स्वस्त आलें, तर त्यांत हाडांचा चुरा असल्याची कंडी पिकली. आणि मूळ शंकाहि सर्वस्वीं निराधार नव्हती. चरबी कोणत्या जनावराची असावी, याची काळजी कारखान्यानें घेतलीच नव्हती. १८५६ सालीं अयोध्येचें राज्य खालसा करणाऱ्यांच्या शब्दावर अयोध्येच्या शिपायानें विश्वास ठेवावा कसा?

आपल्याकडचे वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच सालीं द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस गेले. महूच्या वाटेवर त्यांना काडतुसांची वार्ता शिपायांच्याच तोंडून कळली. शिवाय, धर्म बुडविणारीं कलमें कलकत्त्यास राजेरजवाड्यांपुढें मांडलीं गेल्याची कथाहि. १९०७ सालीं वैद्यांनीं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या प्रवासवृत्तांत हें सारें आलें आहे. गोडसे अडाणी नव्हते. चांगले वेदाध्ययन केलेले भिक्षुक होते. परंतु बातमी आणणारा शिपाई समोर बसला होता, आणि खुलासा करणारें सरकार फार दूर होतें.

आवई पसरते ती बुद्धीच्या अभावानें नव्हे, तर विश्वासाच्या वाटेनें. भाऊ भावाला सांगतो, म्हणून ती खरी वाटते. त्या वाटेवर ज्याचें कोणी सोयरें नाहीं, त्याचा खुलासा जाहीरनाम्यापुरताच उरतो. तो खरा असला, तरीहि.