वळिवड्याचे पोलिश गाव



युद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी आणि लढायांच्या तारखांनी लक्षात ठेवतो. पण युद्ध चालू असतानाही लक्षावधी माणसे सकाळी उठून चूल पेटवीत असतात, मुलांना शाळेत धाडीत असतात, बाजारात भाजीचा भाव करीत असतात आणि पोस्टमनची वाट पाहत असतात. त्यांची गणना कोणत्याही सैन्यात होत नाही. पण युद्ध काय असते हे त्यांना सैनिकांइतकेच कळलेले असते. आज अशाच माणसांच्या एका युद्धकालीन गावाविषयी मी बोलणार आहे. माणसे युरोपातली, पण गाव वसले होते कोल्हापूरपासून चार-पाच मैलांवर, मिरजेच्या लोहमार्गालगत, वळिवडे येथे. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. सरकारी दप्तरात त्या जागेला ‘कॅम्प’ म्हणत. माझे म्हणणे असे आहे की, छावणी म्हणून जे वसविले गेले, त्याचे तेथील रहिवाशांनी गाव केले. ते त्यांनी कसे केले आणि त्यांना त्याची एवढी निकड का वाटली, याचा आपण विचार करू.

प्रथम हे लोक येथवर आले कसे, ते पाहिले पाहिजे. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून स्वारी केली, हे सर्वांच्या लक्षात आहे. १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने त्याच पोलंडमध्ये पूर्वेकडून सैन्य घातले, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. पूर्वेकडचा भाग रशियाच्या ताब्यात गेला आणि १९४०च्या फेब्रुवारीपासून १९४१च्या जूनपर्यंत चार वेळा तेथील कुटुंबेच्या कुटुंबे उचलून सैबेरियात, उत्तर रशियातील जंगलांत आणि कझाकस्तानच्या माळरानांवर पाठविण्यात आली. सोव्हिएत कागदपत्रांवरून या माणसांची संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास येते; पोलिश लोकांचा जुना अंदाज त्याच्या कितीतरी पट होता. रात्री दारावर थाप पडे, थोड्या वेळात बोचकी बांधावी लागत आणि मालगाडीच्या डब्यांतून अनेक आठवड्यांचा प्रवास सुरू होई. पुढे लाकूडतोड, उपासमार आणि विषमज्वर. कित्येकांची म्हातारी माणसे आणि तान्ही मुले तेथेच मातीआड झाली.

२२ जून १९४१ रोजी हिटलर रशियावर उलटला आणि पारडे फिरले. ३० जुलैला लंडनमधील पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांचा रशियाशी करार झाला; या हद्दपार लोकांना ‘माफी’ मिळाली. कोणत्या अपराधाची, हे मात्र कोणी सांगितले नाही. जनरल आंडर्स यांनी त्यांतून सैन्य उभारले. १९४२ साली हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात गेले. सुमारे ७८ हजार सैनिक आणि त्यांच्या आधाराने बाहेर पडलेली सुमारे ३७ हजार बायका-मुले असा तो लोंढा होता. पुरुष लढावयास गेले. बायकामुलांना ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उरला. काहींना पूर्व आफ्रिकेत जागा मिळाली, काहींना मेक्सिकोत आणि न्यूझीलंडमध्ये. हिंदुस्थानात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे पोरक्या मुलांसाठी छावणी उघडली. मोठ्या वस्तीसाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची जागा ठरली आणि १९४३च्या मध्यापासून कराचीमार्गे एकामागून एक तांडे तेथे येऊ लागले.

आता ही वस्ती डोळ्यांपुढे आणू. पंचगंगेच्या खोऱ्यातील मोकळी जमीन. तीवर ओळीने लांबच लांब बराकी. वर कौले, बाजूंना तट्ट्यांच्या भिंती. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे. येथवर ही कोणत्याही लष्करी छावणीसारखीच जागा होती. परंतु एक व्यवस्था वेगळी होती आणि माझ्या मते सगळे मर्म तिच्यातच आहे. येथे सामुदायिक भटारखाना नव्हता. कुटुंबाला दरमहा दरडोई भत्ता रोख मिळे आणि प्रत्येक घराला स्वतःचे स्वयंपाकघर होते. म्हणजे आज काय रांधावे, बटाटे कोणाकडून घ्यावे, चार आणे कशात वाचवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या घरच्या बाईकडे परत आला. दोन-अडीच वर्षे जिला रांगेत उभे राहून दुसऱ्याने मोजून दिलेला पाव घ्यावा लागला होता, तिला पुन्हा स्वतःची चूल मिळाली. आपल्याकडे घर वेगळे झाले असे म्हणण्याऐवजी चूल वेगळी झाली असे म्हणतात. घर म्हणजे चूल, ही समजूत पोलंडच्या बाईला कोणी शिकविली नव्हती; तिने ती सोबतच आणली होती.

चूल आली की बाजार आला. रोख पैसे बाळगणारी पाच हजार माणसे शेजारी आल्यावर आसपासच्या खेड्यांतील भाजीवाले, दूधवाले, शिंपी, धोबी त्या वाटेला लागले. दोन्ही बाजूंना इंग्रजी बेताचेच. तेव्हा व्यवहारासाठी विक्रेत्यांनी पोलिश शब्द उचलले आणि पोलिश मुलांनी मराठी-हिंदुस्थानी. वसाहतीत पोलिश लोकांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, दुकाने चालविली.

बाजाराहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा. सैबेरियातून आलेल्या मुलांची दोन-तीन वर्षे शाळा बुडालेली होती. काही मुले तर तेथे रशियन शाळेत बसविली गेली होती. त्यामुळे वय एका इयत्तेचे आणि ज्ञान दुसऱ्या इयत्तेचे अशी अवस्था. वळिवड्यात बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत सर्व सोय पोलिश भाषेत आणि पोलिश अभ्यासक्रमानुसार उभी करण्यात आली. पुस्तके अपुरी, शिक्षक जमतील तसे. पण घंटा वेळेवर होई आणि परीक्षा ठरल्या दिवशी होत. ज्या मुलांनी उपासमार पाहिली, आईबापांचे मरण पाहिले, त्यांना आठवड्याचे वेळापत्रक मिळणे हेच एक औषध होते. शाळेच्या जोडीला बालवीर आणि वीरबाला यांची पथके होती, आणि तेथील मुलांच्या आठवणींत त्यांना वर्गाइतकेच स्थान आहे. चर्च होते, रुग्णालय होते, नाट्यगृह आणि सिनेमा होता, अनाथ मुलांसाठी वसतिगृह होते. क्षयाच्या रोग्यांची व्यवस्था पाचगणीच्या हवेत केलेली होती. मुंबईहून पोलिश भाषेत नियतकालिक निघे. ३ मे हा १७९१च्या राज्यघटनेचा दिवस आणि ११ नोव्हेंबर हा १९१८च्या स्वातंत्र्याचा दिवस. नाताळ, ईस्टर यांच्याबरोबर हे राष्ट्रीय सणही पंचांगात होते.

या गावात वयात आलेले पुरुष फार थोडे होते. पूल, कारखाने, सैन्य, राज्य यांतले काहीच त्यांच्याजवळ नव्हते. वस्ती चालविली ती मुख्यतः बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि मोठ्या मुलामुलींनी. घरचा बाप, भाऊ किंवा नवरा इटलीच्या रणांगणावर होता. १८ मे १९४४ रोजी मॉन्टे कॅसिनोच्या मठावर पोलिश सैनिकांनी निशाण लावले, तेव्हा वळिवड्यात आनंद आणि धास्ती यांनी एकदमच प्रवेश केला असला पाहिजे. कारण त्या टेकडीवर मेलेल्यांची नावे टपालाने यावयाची होती. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या सेनेने सेनिओ नदी ओलांडली, तेव्हा तीत पोलिश दल होते आणि आठवी हिंदी डिव्हिजनही. त्याच दिवशी, त्याच नदीवर, मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. म्हणजे वळिवड्याच्या बराकीत पत्राची वाट पाहणारी पोलिश बाई आणि सह्याद्रीच्या कुशीत पत्राची वाट पाहणारी मराठा शिपायाची बायको, या दोघींचे लक्ष एकाच नदीकडे लागलेले होते. त्यांना एकमेकींची वार्ता नव्हती, इतकेच.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ही कथा सांगताना ‘अतिथी देवो भव’ म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो. जामसाहेबांचे औदार्य खरे आहे आणि वळिवड्याच्या शेजाऱ्यांचा सालसपणाही खरा आहे. पोलिश लोकांनी तो जन्मभर बोलून दाखविला. पण वळिवड्याचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करीत होते, तोही ब्रिटिशांकडून काढलेल्या कर्जातून. जागा द्यावी की नाही हे शेतकऱ्याला विचारून ठरलेले नव्हते. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा दत्तक घेतलेले अज्ञान छत्रपती होते आणि सूत्रे दुसऱ्यांच्या हाती होती. आणि ज्या १९४३ साली ही वस्ती उभी राहिली, त्याच साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजी सत्तेला आव्हान देत होते. स्वातंत्र्य गमावलेले लोक, स्वातंत्र्य न मिळालेल्या देशात, स्वातंत्र्य नाकारणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने राहत होते. ही गुंतागुंत डोळ्यांआड केली, तर इतिहासाची गोड गोष्ट होते. ती डोळ्यांपुढे ठेवली तरी शेजाऱ्यांच्या सालसपणाचे मोल कमी होत नाही. उलट ज्यांच्याजवळ स्वतःचे फारसे काही नव्हते त्यांनी परक्यांशी नीट वागावे, याचे मोल अधिकच वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उद्या-परवा परत जावयाचे आहे अशा श्रद्धेने राहणाऱ्यांनी एवढा खटाटोप का करावा? याचे उत्तर त्या श्रद्धेतच आहे. परत जावयाचे तर परत जाण्यायोग्य राहिले पाहिजे. मुलाला लिहिता आले पाहिजे, प्रार्थना आली पाहिजे, आपल्या राज्यघटनेचा दिवस ठाऊक पाहिजे. गाव चालविणे हीच त्यांची परतीची तयारी होती. आणि याच श्रद्धेवर घाव बसला. १९४५च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे राहील असे ठरविले. वळिवड्यातील बहुतेकांची घरे त्याच भागातली. लढाई जिंकली आणि घर गेले! ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला ती दिली. ज्या सरकारचे हे लोक नागरिक होते, ते सरकारच कागदावरून पुसले गेले.

अशा वेळी एखादी वस्ती मोडून पडती. वळिवडे मोडले नाही. शाळा चालू राहिल्या. १९४६ साली बालाचडी बंद झाल्यावर तेथील मुलेही येथेच आली. फरक पडला तो शिक्षणाच्या हेतूत. आता मुलांना परदेशात उभे राहण्यासाठी तयार करावयाचे होते. १९४७ साली ब्रिटनने पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. ज्यांचा बाप वा नवरा त्या सैन्यात होता, त्यांना तिकडे जाता आले. काही पोलंडला परतले, काही आफ्रिकेतील छावण्यांकडे गेले, पुढे कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी कॅनडात, कोणी अमेरिकेत. काही पोलिश मुलींनी या देशातील तरुणांशी लग्ने केली आणि त्या येथेच राहिल्या. १९४८ साली वस्ती रिकामी झाली.

ती फार काळ रिकामी राहिली नाही, हे या कथेचे शेवटचे प्रकरण. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांना वळिवड्याच्या त्याच बराकींत आश्रय मिळाला. एका देशाच्या नकाशावर ओढलेल्या रेघेने घरदार गमावलेले लोक गेले आणि दुसऱ्या देशाच्या नकाशावर ओढलेल्या रेघेने घरदार गमावलेले लोक आले. या दुसऱ्या वस्तीचे नाव गांधीनगर. सिंधी लोकांना परत जाण्याची आशा नव्हती. त्यांनी पाल ठोकले ते कायमचे, व्यापार उभा केला आणि गांधीनगर ही कापडाची मोठी बाजारपेठ झाली.

पोलिश लोकांनी मागे ठेवले ते फार थोडे. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. महावीर उद्यानात १९९८ साली उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. लंडनमध्ये या लोकांनी ‘हिंदुस्थानातील पोलिश लोकांचे मंडळ’ स्थापून म्हातारपणापर्यंत भेटीगाठी चालू ठेवल्या. वॉर्सा येथे मॉन्टे कॅसिनोच्या स्मारकाजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिला २०१७ साली बसविण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. पंचगंगेकाठच्या एका खेड्याचे नाव परक्या राजधानीत दगडावर कोरले गेले, ते तेथे झालेल्या एखाद्या लढाईमुळे नव्हे. तेथे पाच वर्षे शाळेची घंटा वेळेवर वाजली म्हणून.

श्रोतेहो, आपल्या गावात नळाला पाणी येते, शाळा भरते, वाचनालय उघडते, वसंतात व्याख्याने होतात. या गोष्टींना आपण इतके सरावलो आहोत की त्या कोणीतरी रोज करीत असते, हेच विसरतो. वळिवड्यात त्या कोणी आयत्या दिल्या नव्हत्या. ज्यांच्याजवळ देश उरला नव्हता, त्यांनी त्या स्वतः केल्या, कारण त्यांच्यावाचून आपण केवळ आकडा होऊन राहू, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. मिरजेहून कोल्हापूरला जाताना वळिवड्याचे स्थानक लागते. गाडी तेथे थांबली, तर खिडकीतून एकदा बाहेर पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.