गरम गाडीची उलटतपासणी

वाशिमचा इतिहास लिहिताना वत्सगुल्मचे वाकाटक येतात, बालाजीचे मंदिर येते, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा येतो. या मुलखात धावलेल्या इंजिनांचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही. ती सांभाळणाऱ्या हातांचा तर नाहीच. तो लिहायला घेतला, तर एक प्रश्न सतत समोर येतो : इंजिन खरोखर किती तापले आहे, आणि ते सांगणाऱ्यावर किती विसंबायचे? आजच्या गाडीत हे सांगण्याचे काम कूलंटमध्ये टोक बुडवून बसलेला बोटभर सेन्सर करतो. त्याच्यावर संशय आला की अनेकदा दोनच उपाय होतात : सेन्सर बदला, नाहीतर फॅन डायरेक्ट करा, म्हणजे सेन्सरला वगळून तो सतत फिरता ठेवा. माझे म्हणणे असे की, या सेन्सरचा दोष शोधणे ही स्कॅनरसोबत आलेली विद्या नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची जुनी विद्याच इथे लागते. ती आपल्याकडे होती आणि नव्या गाड्यांच्या घाईत ती मागे पडली.

तिचा माग शकुंतला रेल्वेपर्यंत जातो. विदर्भाचा कापूस वाहण्यासाठी इंग्रजी अमदानीत टाकलेल्या मूर्तिजापूर–यवतमाळ अरुंद मार्गावर आपले कारंजा आहे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन तिथे १९९४ पर्यंत धावले. मग डिझेल इंजिन आले. वाफेच्या इंजिनात बॉयलरमधले पाणी काचेच्या नळीत दिसे. पण नळीची वाट गाळाने तुंबली, तर बॉयलर रिकामा होत असतानाही नळी भरलेली दिसू शकते. म्हणून नळीतले पाणी सोडून देऊन ते पुन्हा त्याच पातळीला चढते का, हे वारंवार पाहण्याची शिस्त या धंद्यात जगभर होती. विहिरीवरच्या ऑइल इंजिनालाही हाच न्याय लागू होता. इंजिनातून फिरून बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरला की धार किती आहे आणि पाणी किती कढत आहे, दोन्ही एकदम कळे. धार बारीक आणि कढत असेल तर दोष पाण्याच्या वाटेत. धार भरपूर असून पाणी कढत असेल तर दोष इंजिनात. एका खुणेला दुसरी खूण ताडून पाहायची, ही ती विद्या.

मोटारी आल्या आणि डॅशबोर्डवर काटा आला. जीप, ॲम्बेसेडर यांच्या काळात काटा खोटा बोलला तरी फसे फक्त चालक. कार्बुरेटरला काट्याशी काही देणेघेणे नव्हते; इंजिन आपल्या गतीने चालत राही. इंधन इंजेक्शनच्या गाडीत ही स्थिती मुळातून बदलली. आता सेन्सरचा शब्द इंजिनाचा संगणक प्रमाण मानतो आणि त्यावरून इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, फॅन केव्हा फिरवायचा हे ठरवतो. तापलेल्या इंजिनाला सेन्सरने थंड म्हटले, की संगणक जादा पेट्रोल ओततो, धूर काळा होतो, ॲव्हरेज पडते आणि फॅन लागत नाही. खोट्या साक्षीवर निकाल लागतो, शिक्षा मात्र इंजिनाला होते. म्हणूनच उलटतपासणीची गरज आज पूर्वीपेक्षा मोठी आहे.

आणि हा साक्षीदार तपासायला सोपा आहे. तापले की विजेला होणारा विरोध घटतो, असा पदार्थ मायकेल फॅरेडेने १८३३ साली नोंदवला. सेन्सर त्याच तत्त्वावर चालतो. अनेक गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तार तुटली की रोध अनंत होतो आणि संगणकाला वाटते, कूलंट उणे ४० अंशांवर आहे. वाशिममध्ये उणे ४० दिसले, तर ते हवामान नव्हे, तुटलेली जोडणी आहे, हे कळायला शाळा लागत नाही. पण तुटले कुठे? कनेक्टर काढून त्यातली दोन टोके क्षणभर जोडावीत. आकडा एकदम वर उसळला तर तार आणि संगणक शाबूत, दोष सेन्सरचा. हलला नाही तर सेन्सर निर्दोष असून दोष तारेत किंवा पुढे असण्याचा संभव मोठा. त्याआधीची पायरी याहून साधी. रात्रभर उभ्या गाडीत पहाटे चावी फिरवावी आणि स्कॅनरवर कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान शेजारी ठेवून पाहावे. दोन्ही जवळपास सारखे हवेत. वेगळे दिसले, तर दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे.

मग ही विद्या मागे का पडली? मिस्त्रीला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. गाड्यांच्या धुरावरचे बीएस-४ नियम २०१० मध्ये तेरा शहरांत आले. त्यांत मुंबई, पुणे, सोलापूर होती, वाशिम नव्हते. देशभर ते लागू झाले १ एप्रिल २०१७ ला आणि तीनच वर्षांत, १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ आले. मोठ्या शहरातल्या गॅरेजला दहा वर्षे मिळाली, तिथे आपल्या गॅरेजला तीन मिळाली. त्यावर ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून भर उन्हाळ्यात ताशी १२० किलोमीटरने गाड्या जाऊ लागल्या, आणि इंजिनाच्या उष्णतेबाबतची चूक पूर्वीपेक्षा महाग झाली.

यावर कुणी म्हणेल, सेन्सर स्वस्त आहे, बदलून मोकळे व्हावे. दोष सेन्सरमध्येच असेल तर ठीक. पण थर्मोस्टॅट उघडा अडकला, कूलंट कमी झाले, आत हवा अडकली, तरी आकडा विचित्रच दिसतो. सेन्सर बदलून गाडी रस्त्यावर गेली आणि हेड गॅस्केट उडाले, तर स्वस्ताई कुठे राहिली? दुसरा म्हणेल, स्कॅनर कोड देतोच की. स्कॅनर सांगतो तो सेन्सरचाच जबाब. पी ०११८ म्हणजे सर्किटचा व्होल्टेज जास्त, सेन्सर मेला असे नव्हे. तिसरा आक्षेप वजनदार आहे : जुन्या मिस्त्रींनीच थर्मोस्टॅट काढून फेकले, रेडिएटरमध्ये साधे पाणी भरले. हे खरे आहे. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या वाशिममध्ये उघड्यावर साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. दाबाचे झाकण आणि कूलंट त्यासाठीच असतात. जुन्या सवयी सगळ्या जपाव्यात असे मी म्हणत नाही. खूण ताडून पाहण्याची सवय जपावी, एवढेच म्हणतो.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यात स्कॅनर हाती देण्याआधी मल्टिमीटर, गरम पाण्याचे भांडे आणि थर्मामीटर देऊन एक सेन्सर मुलांकडून तपासून घ्यावा. गॅरेजवाल्यांनी फॅन डायरेक्ट करण्याआधी पहाटेची एक तपासणी करावी. आणि गाडीमालकांनी त्या तपासणीची मजुरी बिनतक्रार द्यावी. कारण ती मजुरी न देणारा माणूस नव्या सेन्सरची किंमत देतो, आणि कधी कधी नव्या इंजिनाचीही.