वाटून खाण्याचा इतिहास मुलांना कसा सांगावा?



मुलांना युद्धाचा इतिहास सांगताना आपण तोफा, विमाने आणि सेनापतींची नावे सांगतो. युद्ध चालू असता घरी राहिलेल्या माणसांनी काय खाल्ले, ते कसे वाटून घेतले आणि कोणाच्या ताटात काहीच पडले नाही, हे मात्र सांगावयाचे राहून जाते. वास्तविक सात-आठ वर्षांच्या मुलाला तोफेपेक्षा ताट लवकर समजते. म्हणून आज आम्ही दुसऱ्या महायुद्धातील इंग्लंडचे उदाहरण घेतले आहे. इंग्रजांचे गुणगान करावे हा त्यामागे हेतू नाही. त्याच युद्धात आणि त्याच साम्राज्यात बंगालमध्ये काय घडले, तेही आम्हांस सांगावयाचे आहे.

इंग्लंड आपल्या अन्नाचा मोठा भाग जहाजांनी बाहेरून आणीत असे. जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवू लागल्या तेव्हा प्रश्न उभा राहिला की, जे थोडे येते ते कोणी खावे? बाजारावर सोडले तर पैसेवाला खाणार आणि गरीब रांगेत उभा राहणार. म्हणून ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि डुकराचे खारवलेले मांस यांचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये चहा आला : माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम. पुढे १ जून १९४१ पासून कपडे आणि जुलै १९४२ पासून मुलांची मिठाईही मोजून मिळू लागली. राजघराण्यालाही रेशनची पुस्तिका होती. पाव आणि बटाटे यांवर मात्र युद्ध संपेपर्यंत रेशनिंग नव्हते. अंगमेहनत करणाऱ्याचे पोट कशाने भरते हे ओळखूनच हे केले होते.

सारखे म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने, असेही त्यांनी मानले नाही. गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुले यांची पुस्तिका हिरव्या रंगाची असे. जुलै १९४० पासून त्यांना रोज एक पाइंट दूध स्वस्तात आणि अगदी गरिबांना फुकट मिळू लागले. शाळेत दुपारचे जेवण घेणारी मुले जुलै १९४० मध्ये सुमारे १ लाख ३० हजार होती, ती फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे १६ लाख ५० हजार झाली. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन हे वाहतूक कामगारांचे पुढारी. अडीचशेंहून अधिक कामगार असलेल्या युद्धसामग्रीच्या कारखान्यांना कँटीन काढावयास लावण्याचा अधिकार त्यांच्याच काळात आला.

मुलांनीही आपला वाटा उचलला. रद्दी व भंगार गोळा केले, शाळेच्या आवारात भाजी लावली, रानगुलाबाची फळे वेचून आणली. त्या फळांतून जीवनसत्त्वाचा पाक काढून तो लहानग्यांना देत असत. आपले शिक्षक हाच भाग आवडीने सांगतात, आणि तो सांगावा. परंतु येथेच थांबलो तर मुलाच्या मनावर असे ठसते की, चांगली माणसे होती म्हणून वाटणी झाली. हे अर्धेच खरे आहे. माणसे तेथेही आपल्यासारखीच होती. काळाबाजार होता. पैसेवाल्यांना हॉटेलात रेशनबाहेर जेवता येई, म्हणून १९४२ मध्ये हॉटेलच्या एका जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. सप्टेंबर १९३९ च्या आरंभी तीन दिवसांत सुमारे १५ लाख माणसे, बहुतेक मुलेच, शहरांतून खेड्यांत पाठविली. त्यांना काही घरांनी पोटच्या पोरांप्रमाणे वागविले, तर काही घरांनी उवा आणि फाटके बूट पाहून नाके मुरडली. पण शहरातले दारिद्र्य कसे असते हे सुस्थित घरांना तेव्हाच प्रथम कळले, आणि सरकारवर दबाव वाढला.

मग वाटणी टिकली कशाने? आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टींनी : प्रत्येकाचे नाव यादीत होते, भाव बांधलेला होता, आणि शेजाऱ्याला किती मिळते हे सर्वांना ठाऊक होते. आम्ही संपाच्या दिवसांत कामगारांच्या चाळींतून धान्य वाटले आहे. तेथला अनुभव हाच, की धान्य कमी असले तरी यादी भिंतीवर लावली म्हणजे कुरबूर थांबते, आणि धान्य पुष्कळ असूनही यादी खिशात ठेवली तर भांडण होते.

आता यादीबाहेरच्यांकडे पाहू. ज्या जहाजांनी इंग्लंडला अन्न नेले, त्यांवर हजारो हिंदी खलाशी होते. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी होते, गोव्याचे वाढपी होते. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार फारच थोडा. १९३९ च्या अखेरीस त्यांनी पगारासाठी आणि युद्धभत्त्यासाठी ठिकठिकाणच्या बंदरांत संप केले. अनेकांना तुरुंगात जावे लागले, पण पगारवाढ मिळाली. मुलांना सांगावयाच्या गोष्टीत हा संपही आला पाहिजे. तोही वाटणीचाच प्रश्न होता.

आणि बंगाल. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथला तांदूळ थांबला. शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीच्या लोकांच्या होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरकडे भयंकर चक्रीवादळ झाले. कलकत्त्याच्या मोठ्या कारखान्यांतील कामगारांना स्वस्त तांदूळ देण्याची व्यवस्था झाली, पण खेड्यातल्या शेतमजुराचे, कोळ्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज सुमारे १५ लाख दिला. पुढच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखविले, की धान्य किती होते यापेक्षा ते विकत घेण्याची शक्ती कोणाच्या हाती उरली होती, हा मुख्य प्रश्न होता. मुंबई शहरात रेशनिंग मे १९४३ मध्येच सुरू झाले. कलकत्त्यात ते यावयास जानेवारी १९४४ संपत आला. तोवर खेड्यातली माणसे पेज मागत शहराच्या रस्त्यांवर येऊन मेली होती. कामगार चळवळीतल्या आमच्यासारख्यांनी हेही विसरू नये, की कारखान्यातला कामगार त्या वेळी यादीत होता आणि त्याचा गावाकडचा भाऊ नव्हता.

इतके भयंकर सत्य लहान मुलांना कसे सांगावे, असे माता-भगिनी विचारतील. प्रेतांची वर्णने करू नयेत. खेळातून सांगावे. दहा मुले बसवून थाळीत साठ शेंगदाणे ठेवावेत आणि प्रथम नुसते ‘घ्या’ म्हणावे. दांडग्या मुलाच्या मुठीत किती आले ते मोजावे. मग सहा-सहा वाटावेत. तिसऱ्या वेळी सांगावे, की तुमच्यात एक जण आजारी आहे आणि एक तान्हे बाळ आहे. आता तुम्हीच ठरवा. मुले वाद घालतील. तो वाद घालू द्यावा, कारण खरे शिक्षण त्यातच आहे. शेवटी दार उघडून अकरावा मुलगा आत आणावा, ज्याने सकाळपासून शेंगा फोडल्या, आणि ज्याला थाळीतला एकही दाणा मिळालेला नाही. मग काही न बोलता थांबावे. आमची खात्री आहे, की कोणी ना कोणी आपल्या सहांतला एक दाणा पुढे करील. त्याचे कौतुक करावे, पण लगेच विचारावे : याचे नाव आधीच यादीत का घातले नाही?

ज्यांच्या घरी नव्वदीच्या आजी-आजोबा आहेत, त्यांनी रेशनच्या रांगेची आठवण मुलांसमोर एकदा काढावी. इंग्लंडमधले रेशनिंग ४ जुलै १९५४ ला संपले. आपल्याकडे मात्र रेशनचे दुकान अजून चालू आहे. उद्या मुलाला हाताशी धरून तेथे जावे. फलकावरचे भाव आणि वजने त्याला वाचून दाखवावीत, आणि अंगठा उमटत नाही म्हणून कोणी रिकाम्या पिशवीने परत जात असेल, तर त्या माणसासाठी तेथेच थांबून विचारणा करावी. मुलगा ते पाहील. एवढे झाले तर आजचे व्याख्यान फुकट गेले नाही, असे आम्ही समजू.