आरोग्यसेवकांचे निवृत्तिवेतन, ब्रिटनमधील
ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील डॉक्टर, परिचारिका इत्यादींना सेवेअखेर वेतन देणारी व्यवस्था. ती आरोग्य सेवेबरोबरच १९४८ मध्ये सुरू झाली. अनुभवी सेवकाने सेवेत राहावे की लवकर बाहेर पडावे, हे पुष्कळदा तिच्या नियमांनीच ठरविले.

परिचारिका, प्रसाविका आदींना ‘विशेष वर्ग’ मानून सर्वसाधारण ६० ऐवजी ५५ व्या वर्षी कपातीविना निवृत्तिवेतन मिळे. मात्र सेवेची अखेरची पाच वर्षे त्याच वर्गातील पदावर काढावी लागत. परिणामी उतारवयात प्रशासकीय बढती घेणे हे या हक्कावर पाणी सोडण्यासारखे ठरे. मनोरुग्णालयांतील सेवकांची सवलत याहून उदार होती. तिचे मूळ मनोरुग्णालय-सेवकांसाठी झालेल्या १९०९ च्या कायद्यात आढळते. वीस वर्षांच्या अशा सेवेनंतर, पन्नाशीपुढील प्रत्येक पूर्ण वर्ष हिशेबात दोन वर्षे धरले जाई. कष्टाच्या व जोखमीच्या कामाची ही भरपाई रास्तच होती. तथापि पंचावन्नाव्या वर्षापलीकडे थांबण्यात फारसा लाभ न उरल्याने अनेक जाणते सेवक नेमके तेव्हाच निवृत्त होत. ६ मार्च १९९५ पासून नव्या प्रवेशकांना या सवलती बंद झाल्या. जुन्यांचे हक्क कायम राहिल्यामुळे त्यांचा परिणाम पुढे कित्येक वर्षे टिकला. २००८ च्या योजनेत निवृत्तीचे वय ६५ झाले, तर २०१५ च्या योजनेत ते शासकीय निवृत्तिवेतनाच्या वयाशी जोडण्यात आले.

वरिष्ठ डॉक्टरांच्या बाबतीत अडचण आली ती करकायद्यातून. निवृत्तिवेतनाच्या हक्कात वर्षभरात होणाऱ्या करमुक्त वाढीची मर्यादा २०११ मध्ये ५०,००० व २०१४ मध्ये ४०,००० पौंडांवर आली. २०१६ पासून मोठ्या उत्पन्नाच्या व्यक्तींसाठी ती टप्प्याटप्प्याने १०,००० पौंडांपर्यंत घटू लागली. हातात न आलेल्या, केवळ कागदावर वाढलेल्या हक्कावर हा कर असे. काहींच्या बाबतीत जादा पाळीच्या मोबदल्याहून तीमुळे उद्‌भवणारा कर अधिक भरे. साहजिकच अनेकांनी जादा काम नाकारले, तास कमी केले किंवा मुदतीपूर्वीच निवृत्ती पत्करली. रुग्णांची प्रतीक्षा मात्र लांबली. २०२० मध्ये उत्पन्नाची अट शिथिल झाली. २०२३ मध्ये वार्षिक मर्यादा ६०,००० पौंड करण्यात आली, तर आजीवन मर्यादेवरील कर रद्द होऊन २०२४ मध्ये ती मर्यादाच संपुष्टात आली.

१९९५ च्या योजनेतील निवृत्तांनी सेवेत परतल्यास पहिल्या महिन्यात आठवड्याला १६ तासांहून अधिक काम करू नये, असाही दंडक होता. करोना साथीत, म्हणजे २०२० मध्ये, तो स्थगित झाला व २०२३ मध्ये काढून टाकण्यात आला. १ ऑक्टोबर २०२३ पासून या योजनेतील सेवकांना निवृत्तिवेतनाचा काही भाग अथवा सर्व रक्कम घेऊन सेवेतही राहता येते.