काय ठेवायचे, काय वगळायचे : शाळांमधील गोळीबारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

शाळेत झालेल्या गोळीबाराचा अभ्यास करायला येणारा विद्यार्थी बहुधा ‘असे का घडले?’ हा प्रश्न घेऊन येतो. प्रश्न रास्त आहे, आणि तो त्याने सोडू नये. मात्र उत्तराला हात घालण्यापूर्वी आणखी एक काम करावे लागते आणि या क्षेत्रातले निम्मे कष्ट त्यातच जातात. जे घडले म्हणून सांगितले जाते ते कुणी सांगितले, केव्हा सांगितले, आणि त्यातले किती आपल्या लेखनात घ्यायचे, हे ठरवण्याचे ते काम. ही प्रस्तावना त्याविषयी आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, पत्रकारिता, कायदा, शिक्षणशास्त्र यांपैकी कुठल्याही वाटेने तुम्ही इथे आला असाल, तरी तुमचे मनापासून स्वागत. इथे काम पुष्कळ आहे आणि काळजीपूर्वक वाचणारी माणसे नेहमीच कमी पडतात.

सुरुवात कोलंबाइनपासून करावी, कारण तिथल्या चुकाही नीट नोंदलेल्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्त्याही. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या हल्ल्यात १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. हल्लेखोरांनी शेवटी आत्महत्या केली. त्या दुपारी आत अडकलेल्या काही मुलांसमोर वर्गातला टीव्ही चालू होता आणि हातात मोबाइल होते. बाहेर आपल्या शाळेबद्दल काय सांगितले जाते आहे हे ती मुले बघत होती आणि वाहिन्यांना फोनही करत होती. लांब काळे कोट घालणारी टोळी, खेळाडू मुलांवर उगवलेला सूड, अशा गोष्टी एकाने सांगितल्या, पडद्यावर आल्या, तिथून दुसऱ्याच्या कानावर गेल्या आणि त्याच्या तोंडून साक्ष म्हणून परत पडद्यावर आल्या. संध्याकाळपर्यंत साक्षीदार अनेक झाले होते, पण माहितीचा उगम तेवढाच राहिला होता. नव्या अभ्यासकाने पहिली सवय लावून घ्यावी ती इथली : साक्षी मोजण्याआधी त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, ते पाहावे.

त्या सूडकथेला खरा धक्का दिला तो न फुटलेल्या बॉम्बनी. शाळेच्या उपाहारगृहात प्रोपेनच्या टाक्यांचे दोन बॉम्ब ठेवलेले होते आणि जेवणाच्या वेळी ते फुटावेत अशी योजना होती. ते फुटले असते तर शेकडो मुले मेली असती, त्यात हल्लेखोरांचे मित्रही असते. म्हणजे ठरावीक मुलांना शोधून मारण्याचा हा बेत नव्हताच. बॉम्ब सापडल्याची बातमी लगेच आली होती, पण तिचा अर्थ लोकांपर्यंत पोचायला वर्षे लागली. डेव्ह कलन यांच्या २००९ सालच्या पुस्तकाने तो अर्थ सर्वदूर नेला. हे बॉम्ब वगळून लिहिलेली कोलंबाइनची हकीकत चुकीची ठरते. त्याच वेळी ते कसे जोडले होते, त्यात काय वापरले होते, हा तपशील आपल्या वाचकाच्या समजुतीत कणभरही भर घालत नाही. एकाच वस्तूबद्दलची एक माहिती अत्यावश्यक असते आणि दुसरी निव्वळ धोकादायक. म्हणून ‘बॉम्बबद्दल लिहावे की लिहू नये?’ अशा ठोकळेबाज प्रश्नांनी आपले काम भागत नाही.

त्याच शाळेच्या ग्रंथालयातली एक हकीकत अधिक अवघड आहे. एका मुलीला हल्लेखोराने विचारले, देवावर विश्वास आहे का? ती हो म्हणाली आणि त्याने तिला गोळी घातली. ही गोष्ट देशभरातल्या चर्चमध्ये सांगितली गेली. तपासात निष्पन्न झाले ते असे, की तो प्रश्न गोळ्या लागूनही वाचलेल्या दुसऱ्याच एका मुलीला विचारला गेला होता. ज्याने सुरुवातीला साक्ष दिली तो मुलगा खोटे बोलत नव्हता. टेबलाखाली दडून त्याने आवाज ऐकला होता आणि आवाज कुणाचा, एवढ्यातच गफलत झाली होती. दरम्यान मृत मुलीच्या आईने लिहिलेले पुस्तक त्याच वर्षी निघाले होते. अशा वेळी लेखकाने काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. दुरुस्ती नोंदवावी, पुराव्यासह नोंदवावी आणि तिथेच थांबावे. शोकात असलेल्या कुटुंबाचा विश्वास खोडून काढणे हे आपले काम नाही. पण जी वाचली, तिचे बोलणे लोकांनी बराच काळ मानलेच नाही, हाही या हकीकतीचा भाग आहे आणि तो गाळता येत नाही.

मराठी वाचकापर्यंत या घटना बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांच्या वृत्तसंस्थांच्या बातम्यांतून पोचतात. नंतरच्या अहवालांची दखल क्वचितच घेतली जाते. त्यामुळे आपल्याकडे काळ्या कोटांची टोळी अजूनही आठवते आणि न फुटलेले बॉम्ब कुणाला ठाऊक नसतात. मराठीत या विषयावर लिहू पाहणाऱ्याने प्रत्येक माहितीपुढे तिची तारीख लिहून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो.

मग सरकारी कागद तरी विश्वासाचे मानावेत काय? जरूर वाचावेत, तपासाचे हजारो पानी दस्तऐवज हा या क्षेत्राचा पाया आहे. पण तपासयंत्रणा हेसुद्धा घटनेतले एक पात्र असते. कोलंबाइनच्या वर्षभर आधी, १९९८ साली, एका हल्लेखोराच्या धमक्यांविषयी एका वर्गमित्राच्या पालकांनी शेरीफच्या कार्यालयात तक्रार केली होती. घरझडतीच्या वॉरंटसाठी प्रतिज्ञापत्राचा मसुदाही तयार झाला होता. तो न्यायाधीशांपुढे कधी गेलाच नाही, आणि तो अस्तित्वात आहे हे लोकांना २००१ साली, न्यायालयाच्या आदेशानंतर कळले.

टेक्सासमधल्या युवाल्डीचे उदाहरण याहून ताजे आणि माझ्या मते याहून बोधक आहे. २४ मे २०२२ रोजी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. पहिल्या काही दिवसांत अधिकाऱ्यांनी सांगितले, की एका शिक्षिकेने दार उघडे अडकवून ठेवले होते आणि हल्लेखोर त्यातून आत शिरला. चित्रीकरण तपासल्यावर दिसले, की तिने दार ओढून बंद केले होते. कुलूप लागले नव्हते. ज्या बाईने दार लावले तिच्यावर काही दिवस साऱ्या जगाने दोष ठेवला. त्याच सुमारास पोलिसांच्या तत्परतेची स्तुती चालू होती. पुढे टेक्सासच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने जुलै २०२२मध्ये अहवाल दिला, त्यातून कळले की एकूण ३७६ पोलीस आणि सुरक्षा अधिकारी तिथे जमले होते. हल्लेखोर ठार होईपर्यंत ७७ मिनिटे गेली.

शाळेच्या मार्गिकेतले चित्रीकरण ऑस्टिनच्या एका दैनिकाने जुलैमध्ये प्रसिद्ध केले. मुलांच्या किंकाळ्या त्यातून काढून टाकल्या होत्या, थांबून राहिलेले पोलीस मात्र दिसत होते. काही पालक संतापले, कारण ते चित्रीकरण आधी त्यांना दाखवायचे ठरले होते. त्यांचा संताप पूर्णपणे योग्य होता. तरीही किंकाळ्या वगळणे आणि मिनिटे ठेवणे, हा निर्णय मला बरोबर वाटतो. किंकाळ्यांमधून आपल्याला काही नवे कळत नाही, त्या मिनिटांमधून मात्र सगळे कळते.

यावरून माझी एक कसोटी तयार झाली आहे. वगळायचे असेल तर ते आधी स्वतः पाहिलेले असावे, आणि का वगळले हे उघडपणे सांगता यावे. ज्याने कागद दडवले त्याला हे सांगता येत नाही. संयमाची भाषा दोघांच्याही तोंडी असते, म्हणून ही कसोटी फार जपावी लागते. ‘कुटुंबांच्या भावनांचा आदर म्हणून’ असे म्हणत एखादी संस्था नोंदी रोखते, तेव्हा कुटुंबे स्वतः काय मागत आहेत ते विचारावे. पुष्कळदा ती त्याच नोंदींसाठी न्यायालयात गेलेली असतात.

हल्लेखोरांच्या वह्या, चित्रफिती, पत्रे यांच्याकडे नवा अभ्यासक सर्वात आधी धावतो. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जणांना मारणाऱ्याने दोन हल्ल्यांच्या मधल्या वेळात एनबीसी वाहिनीला टपालाने एक पाकीट पाठवले. वाहिनीने दोनच दिवसांत त्यातला मजकूर दाखवला आणि तिच्यावर कडाडून टीका झाली. त्या ३२ जणांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि एक भारतीय प्राध्यापक होते. त्या आठवड्यात जगाने चेहरा पाहिला तो मात्र बंदूक रोखलेल्या मुलाचा. असे साहित्य आपल्यासाठीच, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांसाठी, मुद्दाम तयार केलेले असते. त्यात कबुलीपेक्षा जाहिरात जास्त. रोजनिशीसारखी खासगी वही अधिक उपयोगी पडते. पीटर लँगमन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी अशा वह्यांतून हल्लेखोरांमधले फरक दाखवून दिले, ते अन्यथा दिसले नसते. म्हणजे संशोधकाने वाचावे, पण वाचले ते सगळे छापू नये. कोलंबाइनच्या हल्लेखोरांनी तळघरात केलेल्या चित्रफिती २०११ साली नष्ट करण्यात आल्या. मला ते पटत नाही. जे दाखवू नये ते जपूनही ठेवता येते, आणि एकदा नष्ट झाले की पुढच्या पिढीला आपला निर्णय तपासताच येत नाही.

नावाचे काय? ॲडम लँकफर्ड आणि एरिक मॅडफिस यांनी २०१८ साली मांडले, की हल्लेखोराचे नाव आणि छायाचित्र टाळावे, बाकी सगळे सविस्तर द्यावे. २०१५मधल्या एका सांख्यिकी अभ्यासात असेही आढळले होते, की अशी एक घटना घडली की दुसरी घडण्याची शक्यता वाढते आणि ती सरासरी १३ दिवस टिकते. बातमीतला नेमका कोणता भाग याला कारण ठरतो, ते त्या आकड्यांतून कळत नाही. मी स्वतः नाव घेत नाही. या साऱ्या प्रस्तावनेत त्याची गरज एकदाही पडलेली नाही. न्यायालयीन खटल्याचा अभ्यास करणाऱ्याला ती पडेल, आणि त्याने ते नाव निःसंकोच लिहावे.

आकड्यांबाबतही सावध राहावे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५-१६ या वर्षासाठी सुमारे २४० शाळांत गोळीबाराची किमान एक घटना झाल्याचे नोंदवले. एनपीआर या नभोवाणी संस्थेने प्रत्येक शाळेशी संपर्क साधायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांतल्या केवळ ११ घटनांची खात्री झाली. कुणी कुठल्या रकान्यात काय भरले, यावर राष्ट्रीय चर्चा उभी राहते.

या क्षेत्रातले जे लेखन टिकले, ते बहुतेक आजूबाजूच्या माणसांकडे वळलेले आहे. कॅथरीन न्यूमन आणि त्यांचे सहकारी केंटकी आणि आर्कान्सामधल्या, अशा घटना घडलेल्या दोन गावांत गेले, आणि २००४ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यांना आढळले, की हल्ला करणाऱ्या मुलांविषयीची माहिती शिक्षकांत विखुरलेली होती. घट्ट विणलेल्या गावात शेजाऱ्याच्या मुलाबद्दल वाईट बोलणे अवघड जात होते. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्यासह २००२ साली ३७ घटनांचा अहवाल दिला. त्यातल्या बहुसंख्य घटनांत कुणा ना कुणाला बेताची आधी कुणकुण होती, आणि हल्लेखोराचे ठरावीक असे चित्र काढता येत नव्हते. ‘एकलकोंडा’, ‘व्हिडिओ गेम खेळणारा’ असली विशेषणे आपल्या लेखनात शिरू पाहतील तेव्हा हा अहवाल काढून बसावे.

मृतांबद्दल लिहिताना मात्र कुठलाही अहवाल पुरत नाही. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत २० मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने हत्येतील बळींची छायाचित्रे जाहीर करण्यावर बंधन घातले. तिकडे हे सगळे बनावट असल्याचा प्रचार सुरू झाला. एका वडिलांनी मुलाचा मृत्यूचा दाखला आणि प्रगतिपुस्तक जगासमोर ठेवले, तर तेही खोटे ठरवण्यात आले. हा प्रचार करणाऱ्या ॲलेक्स जोन्स यांच्याविरुद्ध ज्यूरीने २०२२ साली ९६.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. यातून मी एवढेच घेतो, की नाकारणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी तपशील निवडू नयेत. त्याचे समाधान कधीच होणार नाही, आणि त्याच्यापायी मृत मुलाची विटंबना होईल. जो विश्वासाने वाचतो आहे, त्याच्यासाठी निवडावे. त्या मुलाला काय आवडायचे, हे पालक सांगत असतील तर ते लिहावे. सांगत नसतील तर त्यांच्या दाराशी जाऊन विचारू नये.

आता तुमच्यासमोरच्या एका नजीकच्या कामाकडे वळतो. कोलंबाइनच्या हल्लेखोरांच्या पालकांनी शपथेवर दिलेल्या जबान्या न्यायाधीश लुईस बॅबकॉक यांनी २००७ साली २० वर्षांसाठी मोहोरबंद करून राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवायला सांगितल्या. ती मुदत २०२७ साली पुरी होते. जबान्या खुल्या झाल्या की पहिल्याच आठवड्यात त्यांतली सर्वात खळबळजनक वाक्ये तोडून सगळीकडे फिरतील. त्या पालकांपैकी एका आईने २०१६ साली पुस्तक लिहून स्वतः बरेच सांगितले आहे. ते पुस्तक शेजारी ठेवून, कोणत्या वकिलाने कोणता प्रश्न का विचारला हे बघत, त्या जबान्या पहिल्या पानापासून सावकाश वाचणारी माणसे तेव्हा लागतील. त्यासाठी १९९८चा तो मसुदा आणि शेरीफच्या कार्यालयाचा २०००चा अहवाल आतापासूनच वाचायला घ्या.