छावणीची कुरकुर

पेन्शनींत निघालेले दोन शिपाई एकत्र बसले म्हणजे त्यांचें बोलणें कोठून सुरू होतें व कोठें जाऊन थांबतें, हें ज्यांनीं लक्षपूर्वक ऐकलें असेल त्यांस एक चमत्कार खचित आढळला असेल. आरंभ बहुधा तक्रारीनें होतो. अमुक तळावरची डाळ पाण्यासारखी पातळ. तमुक तळावरच्या बराकींचे पत्रे उन्हाळ्यांत तापत व पावसाळ्यांत गळत. तिसऱ्या ठिकाणचा अधिकारी म्हणजे साक्षात् जमदग्नि. असा घटकाभर निंदेचा पाऊस पडल्यावर मग दोघांपैकीं एक जण हळूच म्हणतो कीं, तो तळ आतां मोडला, धांवपट्टीवर गवत माजलें. आणि दोघेही गप्प होतात. वायुदलांतील मंडळींत हा प्रकार विशेष दिसून येतो. पायदळाच्या छावण्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. विमानांचा तळ पुष्कळदां लढाईच्या निकडीनें एका हंगामांत उभा राहतो आणि निकड सरतांच ओसाड पडतो. ज्या जागेस आपण वर्षानुवर्षें शिव्या दिल्या ती जागाच नाहींशी झाल्यावर त्या शिव्यांस एक प्रकारचा गहिंवर चिकटतो.

ह्या कुरकुरीकडे इतिहास लिहिणारे लोक सहसा फिरकत नाहींत. त्यांस तह हवे असतात, तवारिखा हव्या असतात, सेनापतींचीं पत्रें हवीं असतात. पातळ डाळीची हकीकत त्यांस हलकी वाटते. आमच्या मतें ही मोठी चूक आहे. आणि ती चूक कशी, हें दाखविण्यास आमच्या ह्या शहराइतकें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल.

प्रथम जवळचींच दोन उदाहरणें घेऊं. नाशिकजवळील देवळालीच्या छावणींत इंग्रजी अमलांत मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत राहत असत. जहाजांचा हंगाम थंडीच्या दिवसांचा; तो चुकला कीं पुढल्या हंगामापर्यंत महिनेच्या महिने तेथेंच पडून राहावें लागे. काम नाहीं, लढाई नाहीं; ऊन, हिंवताप आणि कंटाळा मात्र भरपूर. ह्या स्थितींत ज्याचें डोकें फिरल्यासारखें होई त्यास 'डुलाली टॅप' झाला असें त्याचे सोबती म्हणत. 'डुलाली' म्हणजे देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. शिपायांची ही कुरकुर इंग्रजी कोशांत जाऊन बसली, आणि ज्यांनीं देवळाली नकाशावरही पाहिली नाहीं असे इंग्रज लोक वेडसर माणसास आमच्या गांवाचें नांव आजही देत असतात.

दुसरें उदाहरण १९४६ सालचें. महायुद्ध संपून महिने लोटले तरी घरीं जाण्याचा हुकूम येईना, म्हणून त्या वर्षाच्या जानेवारींत कराचीनजीकच्या ड्रिग रोड तळावरील इंग्रज वैमानिक दलाच्या लोकांनीं संप केला. कवायतीचा जाच, निकृष्ट जेवण, परतीस होणारा उशीर, ह्या त्यांच्या तक्रारी. हिंदुस्थानांतील अनेक तळांवर व पुढें सिंगापूरपर्यंत ही लाट पोंचली. हिंदी वैमानिक दलांतही संप झाले. आणि १८ फेब्रुवारीस मुंबईस 'तलवार' ह्या नाविक तळावरील खलाशांनीं जेवणाच्या तक्रारीवरून जें पाऊल उचललें त्याची परिणति सर्वश्रुत आहे. तेव्हां ताटांतील अन्नाविषयींची कुरकुर ही नेहमींच ताटापुरती असते असें नाहीं. राज्याच्या पायाखालची जमीन हलूं लागली म्हणजे तिचा पहिला आवाज पुष्कळदां मेसमध्यें ऐकूं येतो.

आतां आमच्या शहराकडे वळूं. १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें खडकी वसविली ती निजामशाहीचें ठाणें म्हणून. पुढें १६५३ मध्यें दक्षिणेची सुभेदारी दुसऱ्यांदा घेऊन आलेल्या औरंगजेबानें तिला आपलें नांव दिलें, आणि १६८२ मध्यें बादशहा होऊन तो परत आला तेव्हां शहराभोंवतीं तट उभा राहिला. औरंगाबाद ह्या नांवानें जें नगर वाढलें, व २०२३ पासून ज्याचें नांव छत्रपति संभाजीनगर असें झालें आहे, तें मुळांत मोंगली फौजांचा दक्षिणेंतील मुख्य तळ होय. ह्याची साक्ष शहराच्या पुऱ्यांनींच दिलेली आहे. मिर्झा राजा जयसिंगाच्या नांवाचें जयसिंगपुरा, बिकानेरच्या राजा करणसिंगाच्या नांवाचें करणपुरा, त्याचा मुलगा पदमसिंग ह्याच्या नांवाचें पदमपुरा. राजपूत सरदारांनीं जेथें आपापले गोट टाकले तेथें ह्या वस्त्या उठल्या. सरदार गेले, फौजा गेल्या, गोटांचीं नांवें राहिलीं.

परंतु नांवें बोलत नाहींत. त्या तळांवर माणसें कशीं राहिलीं, काय खाल्लें, कशास कंटाळलीं, हें सांगणारा एक मनुष्य सुदैवानें आम्हांस लाभला आहे. त्याचें नांव भीमसेन सक्सेना. जातीनें कायस्थ, जन्म १६४९ चा, बऱ्हाणपूरचा. बाप रघुनंदनदास तोफखान्याच्या हिशेबाच्या कामावर. चुलता भगवानदास दक्षिणच्या दिवाणगिरीपर्यंत चढलेला. नऊ-दहा वर्षांचा असतां भीमसेन बापाजवळ औरंगाबादेस आला, आणि तेव्हांपासून त्याचा जन्म छावण्यांतच गेला. त्यानें कारकुनी केली, निरनिराळ्या सरदारांची चाकरी केली, व शेवटीं दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं राहिला. दलपतराव १७०७ मध्यें जाजऊच्या लढाईंत पडला. त्यानंतर थोड्याच अवधींत भीमसेनानें आपल्या आठवणी पुऱ्या केल्या. फारसी भाषेंतील हा ग्रंथ 'तारीख-इ-दिलकशा' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. सर जदुनाथ सरकार ह्यांनीं त्याचें महत्त्व ओळखून त्याचा भरपूर उपयोग केला. व त्याचें इंग्रजी भाषांतर महाराष्ट्र सरकारच्या पुराभिलेख खात्यानें १९७२ मध्यें प्रकाशित केलें.

ह्या म्हाताऱ्या कारकुनाची पहिली गोड आठवण कशाची असावी? किल्ल्याची नव्हे, बादशहाच्या स्वारीचीही नव्हे, धान्याच्या भावाची! १६५८ च्या सुमारास आपण औरंगाबादेस आलों तेव्हां शहराच्या आसपास पडीक जमीन म्हणून नव्हती, असें तो सांगतो. रुपयास गहूं व डाळ अडीच मण, ज्वारी-बाजरी साडेतीन मण, गूळ अर्धा मण, तूप चार शेर, हे भाव पन्नास वर्षांनंतरही त्याच्या जिभेवर होते. मुर्शिद कुलीखानाच्या जमाबंदीच्या सुधारणेनंतरचे ते दिवस; तेव्हां मुलूख खरोखरच सुस्थितींत असावा. तथापि बालपणींचे भाव कोणासही स्वस्तच आठवतात, हेंही वाचकांनीं विसरूं नये. आम्हांस येथें महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. पुढें जी चाळीस-पन्नास वर्षांची तक्रार ह्या मनुष्यास करावयाची आहे तिचें माप त्यानें आरंभींच लावून ठेविलें आहे. आपण काय गमाविलें, हें त्यास रुपये-शेरांत ठाऊक होतें.

त्याची तक्रार ही कीं, छावणी संपतच नाहीं. बादशहा १६८२ मध्यें दक्षिणेंत आला तो उत्तरेकडे परत गेलाच नाहीं. आज सोलापूर, उद्यां गलगलें, परवां ब्रह्मपुरी. १६९५ मध्यें कृष्णाकांठीं गलगल्याच्या तळावर नेपल्सचा प्रवासी जेमेल्ली करेरी आला होता. त्यानें तळाचा घेर तीस मैलांचा, बाजार अडीचशें व माणसें पांच लाख असा अजमास दिला आहे. परदेशी पाहुण्याचा आंकडा थोडा फुगलेला मानला तरी तें एक चालतें-बोलतें महानगर होतें ह्यांत संशय नाहीं. पाहुण्यास त्याचें कौतुक वाटलें. पाहुणा चार दिवसांनीं निघून गेला. भीमसेनास तेथें जन्म काढावयाचा होता. तो लिहितो त्याचा आशय असा कीं, शहरांत राहणें बादशहानें सोडूनच दिलें. वियोगास कंटाळून लोकांनीं बायकामुलें तळावर आणलीं. तेथेंच मुलें जन्मलीं, वाढलीं, म्हातारीं झालीं, आणि घर म्हणून कांहीं वस्तु असते हें त्यांनीं कधीं पाहिलेंच नाहीं. तंबूपलीकडे निवारा नाहीं अशी त्यांची समजूत होऊन बसली.

वाचकांनीं ह्या एका तक्रारीचें वजन पाहावें. मोंगली इतिहासकार ह्या काळाची हकीकत किल्ल्यांच्या नांवांनीं सांगतात: १७०० मध्यें सातारा, १७०१ मध्यें पन्हाळा, १७०२ मध्यें खेळणा म्हणजे विशाळगड, १७०३ मध्यें सिंहगड. यादी विजयाचीच दिसते. तळावरून पाहिलें म्हणजे मात्र तीच यादी निराळी भासते. १७०० च्या पावसाळ्याच्या शेवटीं खवासपूर येथें माण नदीस रात्रीं अकस्मात् पूर आला, छावणी वाहूं लागली, आणि गडबडींत खुद्द बादशहाचा गुडघा निखळून तो जन्माचा लंगडा झाला. खेळणा घेतल्यावर तेथून पन्हाळ्यापर्यंतच्या सुमारें तीस मैलांच्या वाटेस भर पावसांत अडतीस दिवस लागले. घेतलेले किल्ले मराठ्यांनीं एकामागून एक परत घेतले. किल्ला मिळाला हें खरें. पण जी पिढी घर विसरली तिनें कशासाठीं लढावें, हा प्रश्न कोणत्याही फत्तेनाम्यांत नाहीं. तो एका कारकुनाच्या कुरकुरींत आहे.

सेनापतींसही तो सोडीत नाहीं. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत चालला. दलपतराव तेथें होता आणि त्याच्या पदरचा भीमसेनही होता. झुल्फिकारखानानें मनावर घेतलें असतें तर किल्ला प्रथमच हातीं आला असता. परंतु काम लांबविणें ही सेनानायकांची रीतच आहे, असा त्याचा शेरा आहे. हा शेरा सर्वस्वी न्याय्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मराठ्यांच्या फौजा बाहेरून झोंबत होत्या, दाणागोटा तुटत होता, दुष्काळ पडला होता. खानाच्या अडचणी खऱ्या होत्या. चाकरीच्या माणसास वरिष्ठाच्या अडचणी नेहमींच लहान दिसतात. तथापि वेढा घालणाऱ्या फौजेंत लोक आपसांत काय बोलत होते हें तर ह्यावरून निश्चित कळतें. आणि ज्या फौजेंत असें बोललें जातें तिचें पुढें काय होतें हेंही इतिहासानें दाखविलें आहे.

कोणी म्हणेल, इतकें वाईट होतें तर हा गृहस्थ चाकरी सोडून घरीं कां गेला नाहीं? ह्यास उत्तर असें कीं, त्याचें घर तेंच होतें. ज्या छावणीस तो नांवें ठेवितो तिच्यांतील माणसें, मैत्र्या, नद्या, देवळें, मुक्काम ह्यांचें वर्णन तो ज्या बारकाव्यानें करितो तो बारकावा प्रेमावांचून येत नाहीं. शत्रूचें वर्णन ढोबळ असतें. ज्या जागेनें आपणांस छळलें व पोसलेंही, तिचा कोपरा न् कोपरा आठवतो. म्हणूनच कुरकुरीची साक्ष आम्ही अधिक विश्वसनीय मानतों. गौरव करणारास फायद्याची आशा असते, निंदकास सूड घ्यावयाचा असतो. पण मोडलेल्या तळाविषयीं कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यास कोणाकडूनही कांहीं मिळावयाचें नसतें.

ही साक्ष मिळाली नाहीं म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरणही ह्याच शहरांत आहे. इंग्रजी अमलांत येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १८५७ च्या जून महिन्यांत मोमिनाबादेहून, म्हणजे आजच्या आंबेजोगाईहून, येथें आलेल्या पहिल्या रिसाल्यांत खळबळ उडाली. आपणांस निजामाच्या मुलखाबाहेर दिल्लीकडे नेऊन बादशहाविरुद्ध लढविणार, अशी वदंता स्वारांत पसरली होती. पुण्याच्या बाजूनें जनरल वुडबर्न फौज घेऊन आला, लष्करी न्यायसभा बसल्या, आणि कित्येकांस तोफेच्या तोंडीं देण्यांत आलें. ह्या स्वारांनींही चुलीभोंवतीं बसून कुरकुर केली असेलच. पगाराची, घोड्याच्या खर्चाची, घरापासून दूर नेले जाण्याची. पण त्यांच्यांत भीमसेन नव्हता. त्यांचें म्हणणें आपणांस कळतें तें त्यांस शिक्षा देणारांच्या कागदांतून. एवढ्या मोठ्या प्रसंगीं एका बाजूचा आवाज कायमचा बुडाला, ही हानि कोणत्याही उत्खननानें भरून निघावयाची नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. आमच्या घरोघरीं पायदळांतून, नौदलांतून, वायुदलांतून परत आलेले वृद्ध आहेत. त्यांच्या पदकांची आपण विचारपूस करतों. पण तळावरील भात कसा होता, पत्रा कोठें गळत होता, पत्र येण्यास किती दिवस लागत, हें त्यांस विचारून कोणी लिहून ठेवीत नाहीं. नातवंडें 'आजोबांचें पुन्हां सुरू झालें' म्हणून उठून जातात. त्यांनीं उठूं नये. वही घेऊन बसावें.

दरवर्षीं नवरात्रांत करणपुऱ्याच्या देवीच्या यात्रेस छावणीच्या बाजूनें माणसांची रीघ लागते. त्या गर्दींत चालणाऱ्यांच्या पायांखालीं बिकानेरच्या राजपुतांचा जुना गोट आहे. मरुभूमीचे ते लोक आमच्या पावसास, आमच्या ज्वारीच्या भाकरीस आणि न संपणाऱ्या मुक्कामास काय काय बोलले असतील! करणसिंग राजा १६६९ मध्यें येथेंच वारला. त्याचें नांव पुऱ्यास मिळालें. त्याच्या शिपायांची कुरकुर मात्र कोणी टिपून ठेविली नाहीं, आणि आतां ती ऐकावयास मिळणें नाहीं.